माउसवरचे दोन हात

त्या माउसला खर्ऱ्याचा वास यायचा. वर्ग उघडला की मी आधी तो ओल्या फडक्यानं पुसायची, मग साबणानं हात धुवायची, आणि तरी दिवसभर बोटांना तो वास चिकटलाय असं वाटत राहायचं. शी! आजही शेजारी कुणी प्लॅस्टिकच्या पन्नीत तंबाखू-सुपारी घेऊन खर्रा घोटायला लागलं की मी उठून दुसरीकडे बसते.

अमडापूरच्या पुढे एका खेड्यात मी बायकांना कॉम्प्युटर शिकवायला जात होते. ग्रामपंचायतीच्या मागची खोली, भिंतीला ओल, आणि जुनाट मशीन. बायका चांगल्या चुणचुणीत होत्या. पण मशीन सुरू झालं की पडद्यावर इतकी चित्रं आणि इतक्या इंग्रजी सूचना, की माउस धरलेला हात जागच्या जागी थिजायचा. मग मी घरी बसून त्यांच्यासाठी एक साधा मेनू लिहिला. काळा पडदा, त्यावर चार ओळी: दाखला, सातबारा, वीजबिल, बाहेर. माउसचा बाण ज्या ओळीवर नेला ती ओळ पिवळी होणार, बटण दाबलं की त्या कामाचा फॉर्म उघडणार. त्या काळ्या पडद्यावर जोडाक्षरं तुटून पडतात, म्हणून शब्दसुद्धा बिनजोडाक्षराचे शोधले. आतला प्रोग्रामही सरळ होता. बाण कुठल्या ओळीवर आहे ते बघ, बटण दाबलंय का बघ, दाबलं असेल तर ती ओळ उघड, आणि पुन्हा बघत बस. मला माझाच अभिमान वाटला होता, खोटं कशाला बोलू?

बायकांना तो पटापट जमला. घोळ व्हायचा तो एकीचाच. ही बाई रोज नवऱ्यासोबत यायची. सोबत म्हणजे कशी, तर ती खुर्चीवर बसायची, तो तिच्या खुर्चीला स्वतःची खुर्ची चिकटवून बसायचा, तिचा हात माउसवर आणि त्याचा हात तिच्या हातावर. खर्रा खाल्लेलं तोंड तिच्या कानाशी. "इकडं ने वं. अवं इकडं. दाब. दाब म्हनलं न!" ती तो म्हणेल तिकडे बाण न्यायची.

मी त्याला पहिल्याच दिवशी म्हटलं, हा बायकांचा वर्ग आहे, तुम्ही बाहेर बसा. तर म्हणतो, "मी काय शिकाले येऊन राह्यलो? बाईच्या सोबतीले येतो." पंचायतीत दाखल्यांच्या काउंटरवर एक जागा निघाली होती, बाईसाठी राखीव, आणि वर्ग पूर्ण केलेल्या बायकांतूनच घेणार होते. ती जागा त्याला आपल्या घरात हवी होती. मी पंचायतीत तक्रार केली, तर तिथले लोक म्हणाले, "असू द्या हो मॅडम, नवराच तं हाय." कपाळ माझं!

एक दिवस तोच माझ्यावर गुरगुरला. "मॅडम, तुमचा प्रोग्राम बिघडेल हाय. एक डाव दाबलं तं पाच डाव उघडते."

पाहिलं तर खरंच तसं होत होतं. मी टिचकी मारल्यासारखं बटण दाबते, म्हणून घरी मला ते कळलंच नव्हतं. याचा पंजा तिच्या बोटांवर दाबून बसलेला, प्रोग्राम आपला पुन्हा पुन्हा बघतोय, आणि दर वेळी त्याला बटण दाबलेलंच दिसतंय. मग तो बिचारा उघडतच सुटणार ना. नवशिक्यांसाठी लिहायचं तर हे आधीच सुचायला हवं होतं. त्याच रात्री मी त्यात भर घातली, की बटण सुटल्याशिवाय काहीच उघडायचं नाही.

दुसऱ्या दिवशी पुन्हा बोंब. "मॅडम, आता तं निराच बंद पडला."

"बंद नाही पडला. बटन सोडा."

"काय सोडू?"

"बटन सोडा. अन् बाईचा हातही सोडा!"

बायका पदरात तोंड खुपसून हसल्या. त्याला लाज? नाव नको. "तिले नाही जमत मॅडम, मी हाये म्हून चाललं," म्हणाला आणि पुन्हा पंजा तिच्या हातावर ठेवला.

मग एकदा त्याचा फोन वाजला आणि तो बोलत बोलत अंगणात गेला. तिनं दाराकडे पाहिलं, हात साडीला पुसला आणि माउस धरला. ओळ पिवळी झाली, फॉर्म उघडला, भरला, बंद केला. लगेच पुढची ओळ, मग त्याच्या पुढची. वर्गात इतक्या सफाईनं कुणीच करत नव्हतं. मी बघतच राहिले.

"अवं बाई, तुले तं सारं येते!"

"हाव."

"मंग त्याले सांगत काऊन नाही?"

"मले येते म्हनलं तं म्हनन, माह्याबिगर जमते का तुले? मंग राहू दे, बस घरी." ती अगदी हळू बोलत होती. "ते जागा भेटली का मंग कायजी नाही. तथी बाईच बसते न, मॅडम? लोकं माह्यापाशी येतीन, मले इचारतीन. आजलोक मले कोनं काई इचारलं नाही."

बाहेर चपला वाजल्या. तिनं बाण पुन्हा पहिल्या ओळीवर नेऊन ठेवला आणि मान खाली घातली.

निवडीच्या दिवशी पंचायतीतली मंडळी टेबलामागे बसली आणि एकेकीला दाखला काढून दाखवायला सांगू लागली. तिची पाळी आली तसा हा खुर्ची ओढत पुढे. मी म्हटलं, तिला एकटीला करू द्या. सगळे हसले, जणू मी काही पोरकट बोलले. त्याच्या पंजाखालूनच तिनं दाखला काढला. कसा काढला ते तिचं तिलाच ठाऊक. जागा तिला मिळाली. त्यानं पेढे वाटले, मलाही दिला. मी तो घरी नेऊन गाईला घातला. पण मनात म्हटलं, जाऊ दे, आता तरी तिचा हात मोकळा होईल.

काही दिवसांनी पंचायतीनं निरोप धाडला, मेनूत पाणीपट्टीची ओळ घालून द्या. मी गेले. काउंटरसमोर माणसं उभी होती. खुर्चीवर तो. ती मागे, भिंतीशी पालथ्या घातलेल्या बादलीवर बसून निघालेल्या कागदांना पिना मारत होती. तो मधूनच कागद मागे सरकवायचा, ती सही करायची. सही तेवढी तिची लागते.

"या या, मॅडम!" तो तोंडातला खर्रा गालात सरकवत म्हणाला. "तुमचा हा मेनू एक नंबर. इतका सोपा बनोला तुम्ही, का बाईमानसालेही जमन."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. "मंग जमू द्या न! उठा. उठा त्या खुर्चीवरून!"

रांगेतल्या माणसांनी नजरा फिरवल्या. कुणी वर छताकडे पाहू लागलं, कुणी मोबाइलमध्ये. सगळ्यांना कळत होतं. मला त्या सगळ्यांचीच शिसारी आली.

तेवढ्यात ती उठली. कागद बादलीवर ठेवले, पदर खोचला आणि खुर्चीकडे आली. तिला वाट मिळावी म्हणून मी बाजूला झाले.

ती माझ्यासमोर थांबली. "बसा मॅडम," म्हणाली, "मी च्या आनतो."

"दोन आन वं," तो पडद्यावरून नजर न काढता म्हणाला.