घासलेली कॅसेट

माझ्या दादाला एक आवाज हवा होता. सत्तर सालच्या आसपास कुठल्या तरी इंग्रजी बँडमधल्या माणसाने काढलेला इलेक्ट्रिक गिटारचा आवाज. द्वारका चौकाजवळच्या आमच्या कॉलनीत एका मुलाचा मामा आखातात होता. त्याने आणलेल्या कॅसेटवरून दादाने स्वतःसाठी कॉपी करून घेतली होती. गाण्यातलं एक अक्षर आम्हाला कळत नव्हतं. पण मध्येच गिटार एकटी वाजायची, तेव्हा दादा हात वर करून सगळ्यांना गप्प करायचा. आईलासुद्धा. खाली गुरगुर आणि वर काचेच्या ग्लासला चमचा लागावा तशी किणकिण, असं तो त्या आवाजाचं वर्णन करायचा. हा आवाज एकदा माझ्या हातातून निघू दे, मग जन्मभर नोकरी करत बसेन, म्हणायचा.

नोकरी त्याला लागलेलीच होती. सातपूरच्या एका कारखान्यात, पत्र्याचे भाग ठोकून काढणाऱ्या प्रेस शॉपमध्ये. कामावरून आला की तो ओरडून बोलायचा आणि आई म्हणायची, "अरे घरी आलास आता, मशीन बंद झालं." कारखान्यात कानात कापूस घालणाऱ्याला 'नवरी' म्हणून चिडवत. जुनी माणसं सांगत, थोडे दिवस काढ, कान तयार होतात. त्या 'तयार' शब्दाचा मला अजून राग येतो. लोणचं तयार होतं, गवंडी तयार होतो. कान तयार होत नाहीत.

दादाची गिटार कलकत्त्याकडची, कुणीतरी वापरून कंटाळून विकलेली. जयंतीला, गणपतीत, लग्नांत तो ऑर्केस्ट्रात वाजवायचा आणि दर कार्यक्रमानंतर म्हणायचा, पिकअप बेकार आहे. पिकअप म्हणजे तारांखाली बसवलेलं चुंबक आणि त्याच्याभोवती केसाहून बारीक तांब्याच्या तारेचे हजारो वेढे. गिटारची तार थरथरली की तो थरथराट पकडून स्पीकरकडे पाठवायचं काम त्याचं. दादाने मुंबईहून आधी दोन कॉइलचा पिकअप आणला. जाड आवाज आला, किणकिण नाही. मग एका कॉइलचा आणला. किणकिण आली, गुरगुर गेली. मी म्हटलं, "नाचता येईना, अंगण वाकडं."

तो हसला नाही. माझ्याकडे बघत म्हणाला, "तूच का नाही गुंडाळून देत?"

मी तेव्हा अंबडला कॉइल वाइंडिंगच्या युनिटमध्ये होते. आम्ही सगळ्या बायकाच. दिवसभर रिले नावाच्या विजेच्या स्विचच्या कॉइली गुंडाळायच्या, तार तुटली की सुपरवायझरचं तोंड बघायचं. जेवणाच्या सुट्टीत सुपरवायझरच्या परवानगीने मी दादाच्या पिकअपची रिकामी बॉबिन मशीनवर चढवली. वेढे जास्त झाले तर आवाज जाड होतो, कमी झाले तर पातळ आणि टोकदार, एवढं त्याच्याकडून कळलं होतं. मी मधला आकडा धरला. पिकअप बसवून दादाने गिटार छेडली आणि माझ्या अंगावर काटा आला. मला वाटलं, झालं, कॅसेटमधली गिटार आमच्या खोलीत आली.

दादाने मान हलवली. "दबलाय गं. वरचं काहीच नाही."

"कॅसेट लावून बघ ना," मी म्हटलं.

"कॅसेट घासली आता. तीपण दबल्यासारखीच वाजते. मला डोक्यात पाठ आहे तो आवाज."

यात खोटं वाटण्यासारखं काय होतं? त्या काळी कॅसेटी घासायच्याच. आमच्या सगळ्या आवडत्या कॅसेटी वाजून वाजून मरायच्या. दादाने ती डब्यात ठेवून दिली आणि आम्ही दोघं त्याच्या डोक्यातल्या आवाजाच्या मागे लागलो. मी तार कापून बॉबिन मोकळी करायची, वेढे कमी करून पुन्हा गुंडाळायची. तो म्हणायचा, अजून दबलाय. मी अजून कमी करायची. दोन-तीन वर्षं हा खेळ चालला. शेवटी शेवटी त्याची गिटार वाजली की माझ्या दाढा शिवशिवायच्या. ऑर्केस्ट्रातली मुलं कुरकुरायला लागली. दादा म्हणायचा, त्यांना रॉक काय कळतंय. मलाही वाटायचं, असेल बाबा, आपल्याला तरी काय कळतंय.

मग ती खंडेनवमी आली. त्या दिवशी कारखान्यात मशीनची पूजा असायची. प्रेस धुऊनपुसून, हार घालून उभे आणि घरच्यांना बोलावणं. आमच्या घरात पूजाअर्चा नव्हती. दुसऱ्या दिवशीच्या विजयादशमीला आम्ही पांढरे कपडे घालून विहारात जायचो. पण कंपनीच्या पेढ्याला कुणी नाही म्हणत नसे. त्या वर्षी साहेबांनी दादाला वाजवायला सांगितलं होतं. मी आणि आई पहिल्यांदाच त्याचं शॉप बघत होतो. झेंडूच्या माळा घातलेले ते राक्षस गप्प उभे होते.

दादाने गिटारचा अँप लावला आणि सुरुवात केली. पहिल्याच सुराला एका बाईच्या कडेवरचं पोर भोकाड पसरून रडायला लागलं. बायकांनी पदराने कान झाकले. लहान मुलांनी बोटं घातली. आईने माझा दंड धरला. आणि समोर, प्रेसला टेकून उभे असलेले कामगार मात्र हरखून ऐकत होते. कुणी कपाळाला आठीसुद्धा घातली नाही. एक पिकल्या मिशांचा ऑपरेटर माझ्या शेजारी सरकून मोठ्याने म्हणाला, "लय भारी. एकदम क्लिअर. नायतर आजकालच्या बाजाचं काय कळतच नाय."

मी त्याच्याकडे बघितलं, मग त्याच्या शेजारच्याकडे, मग रांगेतल्या सगळ्यांकडे. ज्यांचे कान तयार झाले होते ते सगळे खूश होते. दादा वाजवता वाजवता खाली वाकला आणि त्याने अँपवरची वरच्या सुरांची खुंटी आणखी पिळली.

घरी आल्यावर तो अंघोळीला गेला तेव्हा मी डब्यातून कॅसेट काढून लावली. ती अजिबात घासली नव्हती. किणकिण जशीच्या तशी होती.

मी त्याला त्याच संध्याकाळी सांगितलं, कॅसेट चांगली आहे, तू कान तपासून घे. तो भांडला, मला अक्कल शिकवू नकोस म्हणाला आणि दुसऱ्या आठवड्यात एकटाच गंगापूर रोडच्या कानाच्या डॉक्टरांकडे जाऊन आला. येताना कानांच्या तपासणीचा आलेख घेऊन आला. डावीकडून रेघ नीट चालत होती आणि मध्यानंतर घाट उतरावा तशी खाली जात होती. त्या उतारावर बोट ठेवून तो म्हणाला, "किणकिण इथे असते." गेलेलं परत येणार नाही, एवढंच डॉक्टरांनी सांगितलं होतं. आलेख कारखान्यात दाखवला तर उत्तर आलं की वयाप्रमाणे असं होतं. दादाचं तेव्हा लग्नसुद्धा झालं नव्हतं. तो कापूस घालून त्याच प्रेसवर जात राहिला, कारण दुसरं काम नव्हतं. ऑर्केस्ट्राने त्याच्या जागी की-बोर्डवाला घेतला.

पुष्कळ दिवसांनी तो रिकामी बॉबिन घेऊन माझ्यासमोर आला. "पहिल्यांदा गुंडाळला होतास तसाच गुंडाळ."

आकडा मी विसरले नव्हते. रविवारी दुपारी त्याने पिकअप बसवला, कॉटवर बसला आणि त्या गाण्यातला तोच गिटारचा तुकडा वाजवायला घेतला. तोच आवाज होता. पहिल्या दिवसापासून होता. दादा बोटांकडे बघत नव्हता, माझ्या चेहऱ्याकडे बघत होता.

"आला?"

"आला."

"कसा आहे?"

"खाली गुरगुर आहे, वर किणकिण. ग्लासला चमचा लागावा तशी."

"हे माझंच झालं," तो म्हणाला. "तुला काय ऐकू येतंय ते सांग."

मी तोंड उघडलं. ऐकू तर सगळं येत होतं, पण सांगायला माझ्याकडे त्याच्याच शब्दांशिवाय काही नव्हतं. माझ्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. मला नीट ऐकता यावं म्हणून त्याने तेच पुन्हा पहिल्यापासून, हळू वाजवायला सुरुवात केली.