बर्फाच्या पेटीतली बॅटरी

माझ्याकडे पत्र्याच्या एका डब्यात ड्रोनच्या दोन बॅटऱ्या आहेत. ड्रोन नाही. तो कुठे आहे ते मला ठाऊक आहे, आणि तिथून तो आता कोणी काढणार नाही. बॅटऱ्या वापरात नसतील तर निम्म्या चार्ज करून थंड जागी ठेवाव्यात, असं त्याच्या पुस्तिकेत लिहिलं आहे. म्हणून मी त्या निम्म्या चार्ज करते आणि कपाटाच्या खालच्या खणात, ऊन पोचत नाही अशा जागी ठेवते. कशासाठी, असं नवऱ्याने एकदा विचारलं, तेव्हा मी त्याला चांगलंच फैलावर घेतलं.

आम्ही शिवडीच्या बाजूचे कोळी. आयेची लालबागच्या बाजारात मासळी विकायची जागा, आणि वडील गेल्यापासून धाकटा भाऊ खाडीत जाणारा. मी तेवढी शिकले, परळच्या एका ऑफिसात हिशेब तपासायला लागले आणि लग्न होऊन दादरला गेले, त्यामुळे घरातली शहाणी मी. एका दिवाळीला बोनस मिळाला आणि मी तळहातावर मावेल एवढा ड्रोन घेतला. जन्मभर आमची खाडी मी काठावरून आणि चिखलातूनच पाहिली होती. एकदा ती वरून बघायची होती, एवढंच.

पण शहरात असं काही उडवायला परवानगी लागते, आणि ती आमच्यासारख्यांना कोण देणार? म्हणून सुट्टीत मामाच्या गावी, शेतात आम्ही तो उडवायचो. बॅटरीचे नखरे तिथेच कळले. पंधरा-वीस मिनिटं उडून खाली आली की हाताला चटका बसायचा. तशी तापलेली चार्जिंगला लावायची नाही, नाहीतर फुगते, आणि एकदा फुगली की टाकूनच द्यायची. चाळीस अंशांच्या वर गेली की मोबाईल तिला उडूच देत नाही. फार गार असली तरीही नाही. वीस-पंचविसात मात्र खूश.

"ताय, हा ड्रोन नाय, जावई हाय," भाऊ म्हणायचा. "याला ऊन चालत नाय, थंडी चालत नाय, पंख्याखाली बसवल्याबिगर हलत नाय."

तेव्हापासून घरात त्याचं नाव जावईबापू पडलं. माझा नवरा बहुतेक वेळा तिथेच बसलेला असायचा आणि त्याला हे काही फारसं आवडायचं नाही.

तो मे महिना होता आणि अमावास्या होती. अमावास्येच्या चिंबोऱ्या भरलेल्या आणि पुनवेच्या पोकळ, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही कळतं. म्हणून भाऊ पहाटेच्या ओहोटीला एकटाच होडी घेऊन तिवरांच्या, म्हणजे खारफुटीच्या रानात गेला होता. अमावास्येचं उधाण मोठं असतं, हेही त्याला कळत होतंच. दुपारी भरती आली आणि तो आला नाही. ज्यांनी त्याला धंदा शिकवला ते शेजारचे काका शोधायला गेले. त्यांना तिवराला बांधलेली होडी सापडली. आत पाटीत नांग्या बांधलेल्या चिंबोऱ्या वळवळत होत्या, बाकी कोणी नव्हतं.

मला ऑफिसात फोन आला. दादरला जाऊन मी ड्रोन आणि तिन्ही बॅटऱ्या उचलल्या, स्कूटरच्या डिकीत टाकल्या आणि निघाले. रस्त्यात काय काय लागलं ते मला आठवत नाही. पोचले तेव्हा चार वाजत होते आणि पाणी बरंच ओसरलं होतं. ती अवस्था सगळ्यात वाईट. होडी आत जाण्याइतकं पाणी नव्हतं आणि माणूस चालण्याइतका चिखल घट्ट नव्हता. काका आणि इतर माणसं कडेकडेने हाका मारत फिरत होती, मांडीपर्यंत रुतत होती. आतल्या तिवरांपर्यंत पोचणारी एकच गोष्ट होती आणि ती माझ्या पिशवीत होती. साडेसातला काळोख पडणार, आणि मग मध्यरात्रीची भरती येऊन सगळं पुन्हा झाकणार. त्याच्या आत तो दिसायला हवा होता.

तो जिवंत आहे, असंच आम्ही सगळे बोलत होतो. एखाद्या तिवराला मिठी मारून त्याने भरती काढली असेल, पाय मोडला असेल, ओरडून घसा बसला असेल. मीच जास्त बोलत होते.

एक हवालदार आले होते. मी ड्रोन उघडल्याबरोबर ते म्हणाले, "ताई, इथे हे चालत नाही हां." मग त्यांनी आयेकडे पाहिलं. ती बाजारातून तशीच आली होती, थर्मोकोलची पेटी शेजारी ठेवून चिखलाकडे तोंड करून बसली होती. "मी जरा चहा मारून येतो," हवालदार म्हणाले आणि सरळ निघून गेले. त्यांचं भलं होवो.

मी पहिली बॅटरी घातली. मोबाईलवर अक्षरं आली: बॅटरीचं तापमान जास्त आहे, उड्डाण करता येणार नाही. दुसरी घातली, तेच. तिसरी घातली, तेच. वरून मे महिन्याचं ऊन आणि खालून इंजिन, तिन्ही डिकीत भाकरीसारख्या शेकल्या होत्या. मी पुठ्ठ्याने वारा घालायला लागले. तो वाराही गरम होता. मी त्या मोबाईलला ज्या शिव्या घातल्या त्या मी लहानपणी धक्क्यावर ऐकल्या होत्या आणि नंतर कधी तोंडातून काढल्या नव्हत्या.

"काय झालं याला?" आयेने विचारलं.

"तापलाय."

तिने उलटा हात बॅटरीला लावून पाहिला. लहानपणी आमच्या कपाळाला लावायची तसाच. "लई ताप हाय," ती म्हणाली आणि पेटीचं झाकण उघडलं.

आमच्या घरात कशावरही एकच इलाज. मासळीला बर्फ, मुका मार लागला तर बर्फ, आणि मी चिडले तरी ती म्हणायची, डोक्यावर बर्फ ठेव. मी ओरडले, "आये, नको! भिजली तर संपलं सगळं." तिने माझं काही ऐकलं नाही. एकात एक दोन पिशव्या घेतल्या, बॅटऱ्या आत टाकून घट्ट गाठ मारली आणि उरलेल्या पापलेटांच्या मध्ये बर्फात खुपसल्या. माझ्याकडे दुसरं काय होतं? मी घड्याळ बघत उभी राहिले.

काढल्या तेव्हा हाताला झिणझिण्या आल्या. मी एकीची धातूची पट्टी ओढणीने पुसली, बॅटरी घातली. मोबाईलने सांगितलं, बॅटरीचं तापमान कमी आहे, आधी गरम करा. मला हसू आलं. घाणेरडं हसू होतं ते, आजूबाजूची माणसं माझ्याकडे बघायला लागली.

"आता काय झालं?"

"जास्त गार झाली, आये."

"दे इकडं."

तिने ती माझ्या हातातून घेतली, पदराखाली पोटाशी धरली आणि वाकून बसली. मधूनच आत हात घालून उलट्या हाताने बघायची आणि मान हलवायची. मग एकदा बाहेर काढून माझ्या हातात दिली. "झाली. आता उडव."

आणि तो उडाला.

जी बघायची म्हणून मी अख्खा बोनस घालवला होता, ती खाडी मी त्या दिवशी पहिल्यांदा वरून पाहिली. हिरवीगार तिवरं, मध्ये पाण्याच्या वळणावळणाच्या वाटा, चिखलावर पांढरे बगळे. सुंदर होती. मला तिची शिसारी आली. काका माझ्या खांद्यावरून मोबाईलमध्ये वाकून सांगत होते, डावीकडे घे, त्या वाटेने आत घे. एकदा तिवरांच्या मुळात लाल काहीतरी दिसलं. भावाची गंजी लाल होती. मी ड्रोन खाली खाली नेला. आयेने नुसती एक नजर टाकली.

"तो नव्हं," ती म्हणाली. फुटलेला लाल डबा होता.

बॅटरी संपत आली, ड्रोन परत आणला, बॅटरीला हात लाववेना. काकांनी घरातून वायर ओढून आणली होती, पण तापलेली बॅटरी चार्ज होईना, आधी ती गार करावी लागायची. मग आमचा एक क्रमच लागला. एक बॅटरी आकाशात, एक बर्फात, एक आयेच्या पोटाशी. आये सांगत राहायची, ही अजून गरम हाय, ही झाली, ही घे. आयुष्यात पहिल्यांदा माझं शिक्षण आणि तिचा धंदा एकाच कामाला लागले होते. दुसऱ्या कुठल्याही कामासाठी लागले असते तर मला केवढा आनंद झाला असता.

सूर्य गिरण्यांच्या जागी उभ्या राहिलेल्या टॉवरांमागे गेला. चिखल तांबडा दिसायला लागला. एक बॅटरी अर्धीमुर्धी चार्ज झाली होती, तिलाच पुन्हा बर्फातून काढून पोटाशी धरून आयेने मला दिली. मी पुसली. पण मे महिन्याच्या दमट हवेत गार वस्तूला पाणी सुटतंच, थंड पाण्याच्या ग्लासाला सुटतं तसं. पुन्हा पुसली, पुन्हा सुटलं. थांबायला वेळ नव्हता. ड्रोन पार आतल्या रानापर्यंत गेला, जिथवर आधी गेला नव्हता. तिथे मोबाईलवर काहीतरी अक्षरं झळकली. मी ती वाचायच्या आत चित्र कलंडलं, आकाश दिसलं, चिखल दिसला, मग काहीच दिसेना. जावईबापू तिवरांत पडले.

"दिसला?" आयेने विचारलं.

"नाय."

"मग दुसरी लाव. ही बघ, बरोबर झाली आता." तिने पदराखालून बॅटरी काढून पुढे केली.

"आये, ड्रोनच गेला."

तिला ते कळलं नाही. किंवा कळलं असेल. हात तसाच पुढे ठेवून ती बसून राहिली, मग मीच ती बॅटरी घेतली. खरंच बरोबर झाली होती, ना गरम, ना गार.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या ओहोटीला काकांना तो सापडला. आम्ही शोधत होतो त्या बाजूला नव्हताच. आदल्या सकाळीच गेला असणार, असं डॉक्टर म्हणाले. म्हणजे मी चार वाजता स्कूटरवरून उतरले तेव्हाच सगळं संपून कितीतरी वेळ झाला होता. आम्ही संध्याकाळभर एवढं जिवापाड जपलं ते एका यंत्राचं तापमान. लोक मला समजावतात, बघ, तुमच्या हातात काही नव्हतंच. त्यातून मला बरं वाटावं अशी त्यांची अपेक्षा असते. हातात काही नव्हतं, हा दिलासा कसा होतो, ते मला अजून कोणी समजावून सांगितलेलं नाही.

दुपारी त्याला घरी आणलं. मामा गावाहून यायचे होते, संध्याकाळपर्यंत थांबायला हवं होतं, आणि ऊन तर असं की भिंतींना हात लावता येत नव्हता. आयेला रोज बर्फ देणाऱ्याने न सांगता लाद्या आणून टाकल्या. माणसांनी त्या भावाच्या दोन्ही बाजूंनी लावल्या, वर गोणपाट घातलं. मी त्याच्या उशाशी बसले होते. आये पायाशी, लाद्यांकडे बघत बसली होती.

ती सरकत पुढे आली. उलटा हात तिने त्याच्या कपाळाला लावला, मग गालाला, मग गोणपाटाखाली छातीला. पुन्हा कपाळाला. मान हलवली. मग माझ्याकडे बघितलं, कालच्यासारखं, आणि पदर मोकळा करून दोन्ही हात पुढे केले.

"जास्त गार झालाय गो बाय," ती म्हणाली. "दे इकडं."