मागचा पसारा

आमच्या रविवारच्या फोटोवाल्या टोळक्यात ते सगळ्यांत वडील. रेल्वेत कारकून. सिनेमाच्या कॅमेऱ्याची एक जुनी लेन्स त्यांनी हैदराबादहून आणली आणि नांदेडच्याच लेथवर रिंग कातून घेऊन आपल्या कॅमेऱ्याला बसवली. ती कुणाच्या हातात देताना ते आधी डोळे मिटायला लावत. "आता फिरवून बघा. कुठं अडतंय का?" फोकस जात्यासारखा जड आणि सलग फिरे. या लेन्सचं छिद्र पूर्ण उघडलं की माणूस लख्ख येई आणि त्याच्यामागचं सगळं विरघळून जाई. आम्ही त्यावरच जीव टाकायचो, आणि तेही. "मागचा पसारा कशाला पायजे?" असं म्हणायचे.

लातूरला रेल्वेनं पाणी गेलं, त्या उन्हाळ्यात आम्ही विष्णुपुरी धरणाच्या वरच्या अंगाला गोदावरीच्या कोरड्या पात्रात उतरलो. एक बाई झिरा उकरून वाटीवाटीनं घागर भरत होती.

"मावशी, फोटो काढू का?" त्यांनी विचारलं.

"काढा की. पाणी तर न्हाई ना मागून राहिले."

आता लेन्स पूर्ण उघडतील म्हणून आम्ही बघत होतो. त्यांनी छिद्राची रिंग उलटी फिरवली, छिद्र अगदी बारीक होईपर्यंत. मागच्या भेगा, पालथी पडलेली होडी, पलीकडचा काठ, सगळं त्या बाईइतकंच स्पष्ट आलं.

"लेन्सची मजाच घालवली की तुम्ही," मी म्हणालो.

त्यांनी कॅमेरा माझ्या हातात दिला. "नदी पुसली, तर ही बाई वाटीनं घागर का भरून राहिली, हे कोण सांगंल?"