उंदरांना दिलेला धूर

तुम्ही चहा घ्या, मी माझी फजिती सांगतो. हसायचं तेवढं हसा, पण शेलूबाजारात कोणाला सांगू नका. नाहीतरी तिथे सगळ्यांना माहीतच आहे.

आमचं घर आसेगावला. पेरणी तोंडावर आलेली, घरचं सोयाबीनचं बियाणं कोठीत ठेवलेलं, आणि उंदरांनी तिथे रोजची पंगत मांडलेली. त्यात बायकोनं माझी सिगरेट बंद केलेली. माणसानं जगायचं कसं?

अशात पुतणीचा फोन आला. वैष्णवी अकोल्याला जंतूंचं शास्त्र शिकते.

"काका, उंदरायले सिगरेटच्या धुरात ठेवलं का त्यायच्या आतड्यातले जंतू बदलतात. पन सगळ्यायचं सारखं नसते, ज्याच्या..."

पुढचं कोण ऐकतो? मी फोन ठेवला आणि बायकोकडे गेलो.

"इलाज सापडला. धुरानं उंदरायचं पोट बिघडते."

"मंग उदबत्ती लावा."

"सिगरेटच लागते. सायन्स आहे ते."

बियाण्यापुढे तिचा नाइलाज झाला. लग्नानंतर पहिल्यांदा तिनं स्वतःच्या हातानं मला पाकीट आणून दिलं! मग काय, मी पोत्याला टेकून बसायचो. एक झुरका मला, एक बिळाला. खरं सांगू का, बिळाला कमीच जायचा.

हप्त्याभरात गुण आला. मुरडा, गुडगुड, सारखी पळापळ. सगळी माझी. उंदीर दुसऱ्या पोत्याला लागले होते, आणि एक जण तर माझ्यासमोर बसून मिशा पुसत होता.

बायको संतापून शेलूबाजारला गेली, उंदरांचा पिंजरा घेतला आणि तो का घ्यावा लागला तेही दुकानात सविस्तर सांगून आली. त्याच दिवशी वैष्णवी गावी आली. मी पोट धरून बाजेवर पडलेलो.

"काका, फोन काहून ठेवला होता? ज्याच्या रक्तातच पोटाची कमजोरी असते, त्याच्यावर धुराचा असर जास्त होते, हेच तं सांगून राह्यली होती मी. आजोबाचं पोट कसं होतं?"

"मामंजीचा अर्धा जनम टमरेल घेऊन धावण्यात गेला," बायकोनं परस्पर सांगून टाकलं.

वैष्णवी माझ्याकडे फार आपुलकीनं पाहू लागली. "आमच्या कामाले असे कमजोर उंदीर मुद्दाम पैदा करा लागतात, काका. तुमी तं आयतेच भेटले."

बायकोनं एकदा नव्या पिंजऱ्याकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे.

"याच्यात मावत नाहीत हे," ती म्हणाली.