मृत्युवार्तेतलं पहिलं नाव

मिस हर्मिना लारोंद म्हणजे आमच्या गावची चालतीबोलती वंशावळ. कॅरिबियनमधलं आमचं डॉमिनिका बेट एवढंसं, कोण कुणाचं रक्ताचं निघेल सांगता येत नाही, त्यामुळे पोरापोरीचं जमलं की दोघं आधी तिच्या ओट्यावर यायची. ती डोळे मिटून चार पिढ्या मागे जाऊन यायची आणि निकाल द्यायची. त्यावर अपील नव्हतं. गावात कुणी गेलं की रेडिओवर वाचायची वार्ताही तीच लिहायची. आधी नवरा किंवा बायको, मग मुलं, भावंडं, भाचरं, चुलत-मावस आणि शेवटी मित्र.

बावीस वर्षांपूर्वी फेलिक्स पलीकडच्या किनाऱ्यावरून आला आणि ओगुस्तँ सुताराच्या घरी राहिला तो राहिलाच. तेव्हा दोन पुरुषांचं तसलं नातं कायद्याने गुन्हा होता. कुजबुज वाढली, तशी हर्मिनाने चर्चच्या पायरीवर सांगून टाकलं, "अगं, त्यांच्या आज्ज्या सख्ख्या बहिणी. लांबचे मावसभाऊच ते." तिच्या आयुष्यातली ही एकुलती एक थाप. गावाने ती खुशीने गिळली, कारण दुसरा सुतार कुठून आणणार?

मग कोर्टाने तो कायदाच मोडीत काढला. पास्टर खवळले, त्या निकालाविरुद्ध मोर्चा ठरला. महिला मंडळाची प्रमुख म्हणून फलक घेऊन हर्मिना सगळ्यांच्या पुढे. फलकाची काठी ओगुस्तँनेच तासून दिली होती. "नीट घासलीय, हाताला टोचायची नाही," म्हणाला. यात काही विचित्र आहे असं दोघांनाही वाटलं नाही.

पुढे ओगुस्तँ अंथरुणाला खिळला. फेलिक्स नीरफणस घेऊन हर्मिनाकडे आला.

"मिस हर्मिना, आता कायदा नाही. त्याच्या वार्तेत मला मावसभाऊ लिहू नका."

"मेल्यावर तो काय ऐकायला येणारेय?"

"मी ऐकणार आहे ना."

"आणि मी खोटारडी ठरू? अर्ध्या गावाची लग्नं माझ्या शब्दावर झालीत, बाबा."

फेलिक्स उठला. नीरफणस ओट्यावर ठेवून गेला.

ओगुस्तँ गुरुवारी गेला. हर्मिनाने तीनदा 'मावसभाऊ' लिहिलं, तीनदा खोडलं. तिला लाज वाटत होती, पण थाप मारल्याची नव्हे. ती अजून चालवायची म्हणून. दुपारी गावभर रेडिओ लागले. "ओगुस्तँ प्रॉस्पेर, वय एकसष्ट. मागे फेलिक्स. बहीण इग्नेशिया, भाचे..." फेलिक्सच्या नावापुढे नातं नव्हतं. फक्त जागा पहिली होती.

पास्टर तरातरा आले. "मावसभाऊ वर कसा गेला?"

"चूक झाली माझी. आज्ज्या बहिणी नव्हत्या."

"मग तो लागतो कोण?"

"पहिल्या जागी कोण येतं, ते तुम्हाला ठाऊक आहे. अशा वार्ता तुम्हीच प्रार्थनेआधी वाचता."

रविवारी मंडळाचं प्रमुखपद गेलं. संध्याकाळी ओट्यावर तीन जोडपी हजर. त्यातल्या एकाला सहा मुलं. सगळ्यांचा सवाल एकच, "आमचं तरी बरोबर सांगितलं होतंत ना?" तिने एकेकाची चार पिढ्यांची हजेरी पुन्हा घेतली आणि घरी पाठवलं.

शेवटच्या पायरीवर फेलिक्स बसला होता.

"तुला रे काय विचारायचंय?" ती दमून म्हणाली.

"काही नाही. ऐकलं मी. तेवढंच सांगायला आलो."