रऊफभाईंची निळी पिशवी

बाजाराच्या दिवशी माझा फोन डोकं उठवायचा. लसीकरणाचा दिवसही नेमका तोच. एका हातात सुई, समोर कुणाचं तरी किंचाळणारं पोर, आणि टेबलावर फोन ठणाणा वाजतोय. उचलावा तर पलीकडून एखादी बाई जिवाच्या आकांतानं ओरडायची, "सिस्टर! मी बोलते वं! काही नाही, फोन घेतला!" आणि फोन बंद. ठेवते न ठेवते तोच दुसरी. तिचंही तेच, "काही नाही, फोन घेतला!" एक दिवस माझं टाळकं फिरलं. आशाताईला म्हटलं, "जरा पोरं सांभाळ, आज मी कुणाला तरी टोचूनच येते," आणि तडक बाजारात गेले.

मी मध्य प्रदेशातल्या तुकईथडच्या उपकेंद्रात नर्स. घर बुऱ्हाणपुरात, रोज बसनं जाणं-येणं. तेव्हा नुकतीच बदली होऊन आले होते, त्यामुळे बाजारातलं कुणी ओळखीचं नव्हतं. लसूण-मिरचीची दुकानं संपतात तिथे ताडपत्री टाकून एक म्हातारा बसला होता. पांढरी टोपी, आखूड दाढी, पुढ्यात बटणांचे फोन मांडलेले, पाठीशी निळ्या रेक्झिनची भलीमोठी पिशवी. समोर उकिडव्या बसलेल्या बाईला तो शिकवत होता, "दोनचं बटण दाब, माय. सोडू नको, धरून ठेव. आता कानाला लाव." आणि माझ्या हातातला फोन वाजला.

"माझा नंबर तुम्हाला दिला कुणी?" मी कडाडले.

त्यानं मान वर केली. "तुमच्या दवाखान्याच्या भिंतीवर लिहिलाय, सिस्टर. एवढ्या मोठ्या अक्षरांत. सरकारनं दिलाय म्हणा की." मग शेजारचं खोकं पुसून माझ्यापुढे सरकवलं. "बसा. तुमच्या सुईपेक्षा तुमचं बोलणं जास्त टोचतं, असं ऐकलं होतं. खरं निघालं."

आता सांगा, अशा माणसाशी काय भांडणार?

हे रऊफभाई, बुऱ्हाणपूरच्या इतवारा मोहल्ल्यातले. तिथल्याच ठोक व्यापाऱ्याकडून एकदम पिशवीभर फोन घ्यायचे आणि रोज एका गावचा बाजार करायचे. घरी बसून प्रत्येक फोन चार्ज करायचा, अक्षरं मोठी करायची, घंटीचा आवाज चढवायचा, आणि त्यात एकच नंबर भरायचा. माझा. दोनचं बटण धरून ठेवलं की तो लागायचा. मी विचारलं, दोनचंच का? "एकचं बटण कंपनीचं असतं, सिस्टर. दोनपासून पुढे आपलं राज्य." सिम मात्र ते विकत नसत. त्या बाबतीत भलतेच कडक. "फोन माझा, सिम तुझं, तुझ्या आधारवर घे," असं सांगून कितीतरी गिऱ्हाइकं त्यांनी परत पाठवलेली मी पाहिली आहेत. आणि फोन घेतलेल्या बाईनं समोर बसून मला लावून दाखवल्याशिवाय तिला उठू देत नसत. "आधी हाक, मग गप्पा," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. "गप्पा काय कुणीही शिकवील. हाक पोचली पाहिजे."

हाक पोचायची. सकू नावाची एक सून होती. नवरा सासूला घेऊन लग्नाला गेलेला, घरी ही एकटी, दिवस भरलेले. शाळेचं तोंड न पाहिलेली बाई. अँब्युलन्सचे एकशे आठ, एकशे दोन असले आकडे तिला कुठले आठवणार? दुपारी केळीच्या बागेतच कळा सुरू झाल्या. तिनं दोनचं बटण धरून ठेवलं. मी तिच्याजवळ पोचले तेव्हा पोराचं डोकं दिसत होतं. नाळ मानेभोवती. आणखी थोडा उशीर झाला असता तर काय झालं असतं ते मला विचारू नका. बारशाला सकूच्या सासूनं रऊफभाईंना मुद्दाम बोलावलं, पोर त्यांच्या मांडीवर दिलं आणि म्हणाली, "याच्या आधी तुमचा फोन रडला बाबा!" रऊफभाई इतके लाजले की पेढा हातातच राहिला.

आणि या माणसाला पोलिसांनी तपासणी नाक्यावर बसमधून उतरवलं.

मला कळलं ते असं. सकाळी मी दवाखाना उघडत होते, तेवढ्यात फोन आला. अनोळखी नंबर, दरडावणीचा आवाज. "कौन बोल रही है? रऊफ को कैसे जानती है? सच-सच बोल!" मी म्हटलं, "तुम्ही कोण ते आधी सांगा. मी तुकईथडची सिस्टर, सुनंदा महाजन." मग तोच आवाज लोण्यासारखा मऊ झाला. "अरे मॅडम, सॉरी, सॉरी. तुमचा नंबर एका संशयित माणसाकडच्या सगळ्या फोनांत सापडलाय. तुम्ही जरा सांभाळून राहा."

वा रे वा! नंबर माझा. भरला त्यांनी म्हणून ते संशयित, आणि ज्या बाईचा नंबर पंचक्रोशीतल्या फोनांत आहे, तिला मात्र सॉरी! एकाच धाग्याची दोन टोकं; एका टोकाला बेडी आणि एका टोकाला नमस्कार. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. आशाताईवर दवाखाना सोडला आणि मिळेल त्या गाडीनं ठाण्यात पोचले.

मला लगेच खुर्ची मिळाली. हवालदारानं पाणी आणलं, चहाही आणला. रऊफभाई भिंतीशी जमिनीवर बसले होते, टोपी मुठीत चुरगाळलेली. सत्तरीला टेकलेला माणूस! निळी पिशवी टेबलावर पडली होती, तिची चेन चाकूनं फाडलेली. कुलूप नव्हतं, काही नव्हतं. नुसती ओढली असती तरी उघडली असती.

टीआय साहेब, म्हणजे ठाण्याचे मुख्य, समजुतीच्या सुरात म्हणाले, "मैडम, आप भोली हैं. ये लोग आप जैसों का ही इस्तेमाल करते हैं."

"कोण लोक?" मी विचारलं. "बाजारात बसणारे लोक?"

साहेबांनी समोरची फाईल उघडली.

"बोला ना. त्याच बसमधे दुसरे एक शेटजी होते, याच धंद्यातले. त्यांचं खोकं याहून मोठं होतं. ते कुठे आहेत? त्यांना खुर्ची दिलीत की त्यांनाही खाली बसवलंत?" हे मला त्या बसच्या कंडक्टरनं येतानाच सांगितलं होतं. शेटजींना नाव विचारलं, नाव ऐकलं आणि सोडून दिलं. रऊफभाईंना नाव विचारलं, नाव ऐकलं आणि खाली उतरवलं. तपास म्हणतात तो एवढाच झाला होता.

"इतने सारे फोन में एक ही नंबर... शक तो होगा ना, मैडम."

"तो नंबर सरकारी भिंतीवर रंगवलाय, साहेब! भिंतीला पण धरून आणा!"

संध्याकाळी त्यांना सोडलं. पिशवी दिली, फोन ठेवून घेतले, तपासासाठी. दुसऱ्या दिवशी पेपरात बातमी: संशयास्पद मोबाईलचा साठा जप्त. खाली रऊफभाईंचं पूर्ण नाव, बापाच्या नावासकट. सुटल्याची बातमी कुठे आली म्हणता? अजून यायची आहे. फोन मिळाले ते कितीतरी महिन्यांनी, बॅटऱ्या फुगून गेलेल्या.

पोलिसांचं एक वेळ सोडा. पण सकूची सासू! तीच बाई, जिनं नातू त्यांच्या मांडीवर दिला होता. ती फोन फडक्यात गुंडाळून माझ्याकडे आली आणि दारातूनच तो लांब धरून म्हणाली, "हा तुमच्याकडे ठेवा वं बाई. यात काही बॉम्ब-बिम्ब असंल तं?" मी तिला काय काय बोलले ते लिहिण्यासारखं नाही. नातवाला वाचवलं त्या फोननं, तेव्हा नव्हता का त्यात बॉम्ब? ती रडायला लागली. तरी फोन टेबलावरच ठेवून गेली. भीती अशी असते, की ज्यानं तारलं त्याच्याच सावलीला माणसं भितात. मला तेव्हा त्या गावाचा इतका संताप आला होता, की बदलीचा अर्ज करायचाही विचार आला.

रऊफभाई पुन्हा आले. थोडेच फोन घेऊन त्याच जागी बसले. लोक लसूण घ्यायचे आणि तिथूनच मागे वळायचे. मी मुद्दाम जाऊन त्यांच्या खोक्यावर बसायची, सगळ्यांना दिसेल अशी. एकदा सहज एक फोन उचलला, दोनचं बटण धरलं. काहीच लागलं नाही.

"माझा नंबर कुठे गेला?"

"आता नाही टाकत, सिस्टर."

"का? माझा नंबर कुणाला द्यायचा ते मी ठरवीन!"

"तुम्ही ठरवाल," ते शांतपणे म्हणाले. "पण भरणारा हात तर माझाच राहणार ना? उद्या तुम्हालाही त्या भिंतीशी बसवतील. तुम्हाला नोकरी आहे, लेकरंबाळं आहेत. मला नाही बघवणार." मग हसल्यासारखं करून म्हणाले, "आणि तुमची जीभ ही अशी. तुम्ही तर ठाण्यातून सुटणारच नाही."

त्यांच्या तोंडून एकदाही शिवी ऐकली नाही. शिव्या सगळ्या मीच घालत होते. त्याचाही मला राग यायचा. म्हणायची, "अहो, ओरडा की जरा!" तर म्हणायचे, "सिस्टर, मी ओरडलो तर त्याचीही बातमी होईल."

पुढच्या पावसाळ्याआधी त्यांनी धंदा बंद केला. मुलीकडे मालेगावला निघाले तेव्हा मला भेटायला दवाखान्यात आले. निळी पिशवी घडी घालून आणली होती. "घरात ठेवली की बेगम रडते. फेकवत नाही. तुम्हाला औषधं न्यायला होईल." निघताना भिंतीवरच्या माझ्या नंबराकडे त्यांनी एकदा पाहिलं, म्हणाले, "रंग उडायला लागलाय. परत मारून घ्या." मालेगावलाच ते वारले. मला कळलं तेव्हा दफन होऊनही बरेच दिवस झाले होते. एवढ्या बायकांना माझ्यापर्यंत पोचवणारा माणूस, आणि त्याची बातमी मला दुसऱ्याकडून कळावी!

मी ती पिशवी काढली. फाटलेली चेन सुतळीनं शिवली. इतवाऱ्यात त्यांच्याच ठोक व्यापाऱ्याकडे गेले आणि बचत गटाच्या बायकांसाठी पिशवीभर फोन घेतले. घरी बसून प्रत्येकात अक्षरं मोठी केली, आवाज चढवला आणि दोनच्या बटणावर माझा नंबर भरला. सकूच्या सासूलाही तिचा फोन परत नेऊन दिला, आणि या वेळी तिनं तो मुकाट्यानं घेतला.

आता बरेचदा आणते. गेल्या आठवड्यात त्याच नाक्यावर बस थांबली. तपासणी होती. वर चढला तो त्या दिवशी ठाण्यात होता तोच हवालदार. पुढच्या सीटवरच्या एका दाढीवाल्या पोराची सॅक त्यानं पार खालपर्यंत उपसली, डबासुद्धा उघडला. मग माझ्यापाशी आला. पिशवी माझ्या पायाशी होती. निळी, सुतळीनं शिवलेली.

"काय हो सिस्टर, आज एवढं सामान?"

"फोन आहेत," मी साऱ्या बसला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले. "पिशवीभर. सगळ्यांत एकच नंबर आहे. उघडून बघा."

तो हसला. "काय पण तुम्ही! तुमची पिशवी काय उघडायची, ताई?" असं म्हणून त्यानं दोन्ही हातांनी ती उचलली आणि माझ्या पायांना अडचण नको म्हणून वरच्या फळीवर नीट ठेवून दिली.