ग्रिगोरीची एकही शब्द न बदलणारी गोष्ट

नीनाचा फोन आला तेव्हा मी भाजी चिरत होतो. "बाबा गेले," एवढंच ती म्हणाली. ग्रिगोरी म्हणजे तिचे वडील, इथे अमेरिकेत, आमच्या शॉमबर्गच्या कॉन्डोच्या इमारतीत खालच्या मजल्यावर राहणारे. माणूस शंभरी ओलांडलेला, तरी मला वाईट वाटलं, आणि पाठोपाठ चीडही आली. आता खरं काय ते कोणाला विचारायचं?

ग्रिगोरी महायुद्धात सोव्हिएत हवाई दलात लांब पल्ल्याच्या बॉम्बरचा वैमानिक होता. निदान तो तसं सांगायचा. मी जन्मभर कारखान्यात मालाची तपासणी केली आहे, कोणी पदक दाखवलं की आधी उलटं करून बघतो. त्याचंही बघितलं. लाल निशाणाचं पदक, मागे क्रमांक वगैरे सगळं व्यवस्थित. पण असली पदकं बाजारात विकत मिळतात. माझी बायको सुनंदा म्हणायची, "अहो, ते शेजारी आहेत, सस्पेक्ट नाहीत. काकांना सुखाने चहा पिऊ द्या की!"

तो सांगायचा तेव्हा मात्र ऐकत राहावंसं वाटे. फ्लाइंग क्लबात शिकला आणि विशीच्या आत बॉम्बरवर गेला. अंधार पडला की निघायचं, हेलसिंकी, बुडापेस्ट असं कुठे कुठे जायचं आणि उजाडता उजाडता परतायचं. वैमानिक एकच, बदलीला कोणी नाही. झोप लागू नये म्हणून हा ऑक्सिजनच्या मास्कमध्ये मोठमोठ्याने गाणी म्हणे. आणि परत येऊन "बॉम्ब टाकले" म्हटलं तर कोणी विश्वास ठेवायचं नाही, मागून फोटो काढायला वेगळं विमान जायचं. ही पद्धत मला फार आवडली.

अडायचं एकाच ठिकाणी. त्याचं विमान एकदा शत्रूच्या हद्दीत पडलं होतं. ती गोष्ट तो नेहमी अशीच सांगे... "डावं इंजिन पेटलं. नॅव्हिगेटर पावेल जागीच गेला. मी उडी मारली. रानातून पूर्वेकडे चालत राहिलो." तेच शब्द, तोच क्रम. माणसाची आठवण अशी असते का? आज पाऊस होता म्हणतो, उद्या धुकं. याचं पाठ केलेलं होतं, आणि पाठ कोण करतं हे मला चांगलं ठाऊक होतं.

शेवटी मी विचारलंच. तो रागावला नाही. म्हणाला, "तिकडून जिवंत परत आलेल्या माणसावर आमचेच लोक संशय घ्यायचे. तू कसा वाचलास? त्यांनी तुला काय सांगून पाठवलं? रोज नवा अधिकारी, प्रश्न तेच. एक शब्द इकडचा तिकडे झाला की मी संपलो असतो. म्हणून पाठ केलं. सोडलं त्यांनी, पदक परत दिलं, विमानही दिलं." मला पटलं. म्हणजे, जवळजवळ पटलं...

मग हॉस्पिटलमधली ती शेवटची भेट. औषधांच्या गुंगीत त्याने माझी बाही धरली आणि म्हणाला, "पावेल चालत होता. माझ्याबरोबर. त्याचा पाय..." आणि एकदम थांबला. दाराकडे बघितलं. मग खणखणीत, कोवळ्या पोराच्या आवाजात मला सांगू लागला, "डावं इंजिन पेटलं, साहेब. नॅव्हिगेटर पावेल जागीच गेला." मी "बरं" म्हणालो. ते गुंगीतलं बरळणं होतं, की इतक्या वर्षांत पहिल्यांदा निसटलेलं खरं? मी अजून दोन्हीकडून तपासतोय.

परवा त्याचा चाळिसावा झाला. आपल्याकडे तेरावा, त्यांच्याकडे चाळिसावा. त्याच्या खुर्चीसमोर भरलेला ग्लास आणि त्यावर काळ्या पावाचा तुकडा ठेवला होता. जेवण उरकल्यावर नीना माझ्याशेजारी येऊन बसली. "मी माझ्या मुलाचं नाव पावेल ठेवलं, तुम्हाला माहीतच आहे. बाबा सांगायचे त्यापुढे विचारायची हिंमत कधी झाली नाही. तुमच्याशी ते बोलायचे. त्या पावेलचे हाल झाले का हो?"

सुनंदा माझ्याकडे बघत होती. हॉस्पिटलमधलं मी तिलाही सांगितलेलं नाही.

"डावं इंजिन पेटलं," मी म्हणालो. "नॅव्हिगेटर पावेल जागीच गेला."

नीनाने डोळे पुसले. "अगदी बाबांच्याच शब्दांत सांगितलंत," ती म्हणाली.